पाठीची माती आणि पंचाचा डोळा

इसवी सन २०१८ च्या डिसेंबर महिन्यात, १९ पासून २३ तारखेपर्यंत, जालना शहरी महाराष्ट्र केसरी किताबाच्या कुस्त्या झाल्या, आणि अखेरच्या लढतीत बुलढाणा जिल्ह्याच्या वतीने उतरलेल्या बाला रफिक शेख या मल्लाने आदल्या वर्षीचा विजेता अभिजित कटके याचा ११ विरुद्ध ३ अशा गुणांनी पराभव करून चांदीची गदा खांद्यावर घेतली. बाला मूळचा सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्याचा. कोल्हापुरात ज्या गणपतराव आंदळकरांच्या हाताखाली तो घडला, ते वस्ताद त्याच वर्षीच्या सप्टेंबरात निवर्तले होते, आणि शिष्याचे हे यश पाहण्यास ते तीन महिन्यांनी अंतरले, ही गोष्ट त्या दिवशी अनेकांच्या मनाला लागून राहिली. त्याच २०१८ च्या मार्च महिन्यात, फुटबॉलचे नियम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने झुरिच येथील सभेत, चित्रफितीच्या साहाय्याने पंचाचा निर्णय तपासण्याची पद्धत खेळाच्या कायद्यात दाखल केली होती; आणि जुलैत मॉस्को येथे झालेल्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात अर्जेंटिनाचे पंच नेस्तोर पिताना यांनी मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यापाशी जाऊन, चेंडू क्रोएशियाच्या पेरिशिचच्या हाताला लागल्याचे पुन्हापुन्हा पाहून, फ्रान्सला पेनल्टी बहाल केली होती. मॉस्को आणि जालना यांचा परस्परांशी संबंध तो काय, असे प्रथमदर्शनी कोणालाही वाटेल. तथापि हजारो डोळ्यांदेखत, पण निमिषार्धात घडून गेलेल्या गोष्टीचा निवाडा कोणाच्या साक्षीवर करावा, हा दोन्ही ठिकाणचा प्रश्न एकच आहे, आणि जालना जिल्ह्याच्या मातीत त्याचा इतिहास पुष्कळ जुना आहे.

महाराष्ट्र केसरी किताबाचा आरंभ १९६१ साली औरंगाबादेस झाला. मामासाहेब मोहोळ यांनी १९५३ साली स्थापन केलेल्या राज्य कुस्तीगीर परिषदेने तो किताब सुरू केला आणि सांगलीकडचे दिनकर दह्यारी हे पहिले महाराष्ट्र केसरी ठरले. त्या वेळी जालना हा औरंगाबाद जिल्ह्यातील एक तालुका होता. स्वतंत्र जिल्हा होण्यास त्याला १ मे १९८१ पर्यंत वाट पाहावी लागली. म्हणजे किताबाचा पहिला आखाडा ज्या जिल्ह्यात खणला गेला, त्याच जुन्या जिल्ह्याच्या पूर्वभागात तो सत्तावन्न वर्षांनी आला, असे म्हणण्यास हरकत नाही. त्याहीपूर्वीचा विचार केला तर हा मुलूख १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात मोडत होता. येथला दफ्तराचा कारभार उर्दूत चाले, जिल्ह्याचा अधिकारी अव्वल तालुकदार म्हणून ओळखला जाई, आणि राज्याचा मोठा खेळ म्हणून ज्याचा बोलबाला होता तो फुटबॉल होता. हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने, सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिकवणुकीखाली, १९५० पासून १९५४ पर्यंत लागोपाठ पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला, ही त्या राज्याच्या अखेरच्या काळातील अभिमानाची गोष्ट होय. परंतु राजधानीचा खेळ निराळा आणि गोदाकाठच्या गावांचा खेळ निराळा. अंबड, घनसावंगी, परतूर, भोकरदन या तालुक्यांतील कुणब्याचा मुलगा सुगी आटोपल्यावर ज्याकडे ओढला जाई तो आखाडाच. घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव, इसवी सन १६०८ चे. बलोपासना आणि मारुती यांची सांगड महाराष्ट्राच्या मनात ज्यांनी पक्की केली ते याच मातीत जन्मले, आणि येथील तालमीच्या कोनाड्यात शेंदराने माखलेला मारुती नाही असे क्वचितच आढळेल.

या भागात कुस्त्यांच्या मैदानाला दंगल म्हणतात. जत्रा किंवा उरूस असला की दुपार कलल्यावर हलगी कडाडू लागते; काळ्या कापसाच्या जमिनीचा हा मुलूख असल्यामुळे आखाड्याची तांबडी माती मुद्दाम आणून, चाळून, तीत ताक, तेल, हळद आणि लिंबाचा रस घालून ती लोण्यासारखी मऊ केलेली असते. आरंभी लहान पोरांच्या नारळ-रेवड्यांच्या कुस्त्या, मग इनामाच्या, आणि दिवस मावळता मावळता मानाची. जोडी लावणारे गावचे जाणते असतात, आणि पंच म्हणून बहुधा दोन्ही बाजूंना मान्य असा, एके काळी स्वतः माती अंगाला लावलेला, आता फेटा बांधून काठी टेकीत उभा राहणारा एखादा वस्ताद असतो. नियमपुस्तक त्याच्या खिशात नसते, आणि त्याची गरजही नसते, कारण नियम एकच: पाठ लागली की कुस्ती झाली. गुण नाहीत, फेऱ्या नाहीत. निकाली झाली तर झाली, नाही झाली तर पंच दोघांचे हात धरून ती बरोबरीत सोडवतो.

या एका नियमाचे सामर्थ्य नीट ध्यानात घेतले पाहिजे. पैलवान खाली पडून उठला की पंच प्रथम त्याच्या तोंडाकडे पाहत नसे, पाठीकडे पाहत असे. घामाने निथळणाऱ्या पाठीवर तांबडी माती दोन्ही पाखांना सारखी, सलग, दाबून बसलेली असली तर तो पडला. एकाच खांद्याला माती असून दुसरा खांदा घामाने चकाकत असला तर तो बाजूवर गेला, चीत झाला नाही. पंच बोटाने ती माती दाखवी, वळून चारी दिशांच्या लोकांना ती पाठ दाखवी, आणि मग निकाल उच्चारी. हा मुद्देमाल कोणाला नाकारता येत नसे. जो निकाल पंचाने पाहिला तोच निकाल शेवटच्या रांगेतील, बैलगाडीच्या साटीवर उभा राहून पाहणारा म्हाताराही पाहत असे, आणि म्हणून पंचाच्या अधिकाराला एक स्वाभाविक आधार लाभत असे. माती ही त्या खेळाची मूक साक्षीदार होती.

तथापि ही साक्ष सर्वस्वी निर्दोष होती असे मानणे इतिहासाला धरून होणार नाही. सलामी होताच दोघे मल्ल मातीची मूठ उचलून एकमेकांच्या अंगावर टाकतात, पकड बसावी म्हणून. खाली धरलेला मल्ल घिस्सा किंवा एकचाक सोडवताना आखाड्यात लोळतो, आणि मग कोणती माती कोणत्या क्षणी लागली हे मातीला विचारून कळत नाही. ढाक मारताना दोघेही एकाच वेळी कोसळले तर प्रथम कोणाची पाठ टेकली, या प्रश्नावरून गावागावांत वर्षानुवर्षांची वैरे धरली गेली आहेत. अशा वेळी पंच काय करी? तो हलगी थांबवून दोन्हीकडच्या वस्तादांना जवळ बोलावी, तिघांची कानगोष्ट होई, आणि एकमत न झाल्यास कुस्ती पुन्हा धरायला लावी. निवाडा संशयास्पद ठेवण्यापेक्षा प्रसंग पुन्हा घडवून आणावा, ही युक्ती मोठ्या शहाणपणाची होती. परंतु थकलेल्या मल्लाला तीत अन्याय होत असे, आणि जो खरोखर जिंकलेला असेल त्याचा विजय पुन्हा पणाला लागत असे.

पंच ही संस्था आखाड्याने काही स्वतः निर्माण केली नाही; ती त्याने गावच्या न्यायपद्धतीकडून घेतली. मराठेशाहीतील निवाड्यांचे कागद ज्यांनी चाळले आहेत त्यांना ठाऊक आहे की, वतनाचा, शिवेचा किंवा मानपानाचा तंटा गोतसभेपुढे आला म्हणजे, साक्षीपुरावा घेण्याच्या आधीच, वादी-प्रतिवादी दोघांकडून राजीनामा लिहून घेतला जाई: या थळी, या गोतापुढे, या साक्षीने जो निवाडा होईल तो आम्हांस मान्य आहे, त्यास अन्यथा वर्तू तर दिवाणाचे गुन्हेगार. मग कैफियती होत, साक्षी होत, कागद पाहिले जात. आणि मानवी साक्ष जेथे खुंटली तेथे दिव्याचा आश्रय केला जाई. कढत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायला लावून, त्या हातावर पिशवी बांधून तिच्यावर मोहोर करीत, आणि नेमल्या दिवशी सर्वांसमक्ष मोहोर फोडून हात तपाशीत. निवाडा झाला की महजर होई. त्यावर पाटलाच्या नावापुढे नांगराची आणि बलुतेदारांच्या नावांपुढे त्यांच्या त्यांच्या हत्याराची निशाणी उमटे. जिंकणारा हरकी देई, हरणारा गुन्हेगारी भरी, आणि हरलेल्याने जिंकलेल्याला यजितपत्र लिहून द्यावे लागे की मी या वादात खोटा झालो. दिव्याची रीत आपल्या बुद्धीला आज पटणार नाही, आणि पटूही नये. परंतु या सगळ्या पद्धतीत जे मर्म आहे ते राजीनाम्यात आहे. कोणती साक्ष ग्राह्य धरायची हे तंट्याचा निकाल लागण्यापूर्वी, दोघांच्या संमतीने, उघडपणे ठरले पाहिजे. साक्ष कितीही खरी असली तरी ती निकालानंतर, हरलेल्या पक्षाने, बाहेरून आणून पुढे टाकली की तिने तंटा मिटत नाही, वाढतो.

फुटबॉलचा इतिहास पाहिला तर तोही याच वाटेने चाललेला दिसतो, हे मला फार लक्षणीय वाटते. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात प्रत्येक संघ आपापला एक पंच आणीत असे, आणि त्या दोघांचे जमले नाही तर बाहेर बसलेल्या तिसऱ्या गृहस्थाकडे निर्णय जात असे. ‘रेफरी’ हे त्या तिसऱ्याचे पद, आणि १८९१ साली त्याला मैदानाच्या आत आणून सर्वाधिकारी केले गेले. आमच्या दंगलीतील दोन बाजूंचे दोन वस्ताद आणि मधला पंच यांचीच ही रचना. त्याच सुमारास लिव्हरपूलचा जॉन अलेक्झांडर ब्रॉडी नावाचा स्थापत्यविशारद, गोल झाला की चेंडू खांबाच्या बाहेरून गेला या वादाला कंटाळून, खांबांच्या मागे जाळे बांधण्याची कल्पना घेऊन पुढे आला. आज आपण ते जाळे शोभेचे समजतो. वास्तविक ते पुराव्यासाठी जन्मले. चेंडू जाळ्यात सापडला म्हणजे गोल, हे शेवटच्या रांगेलाही दिसू लागले. तांबड्या मातीने आखाड्यात जे काम केले तेच जाळ्याने तेथे केले.

परंतु जाळ्याची साक्षही अपुरी पडली. १९६६ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात वेम्ब्लीवर इंग्लंडच्या हर्स्टचा चेंडू आडव्या दांडीला लागून खाली आदळला तो रेषेच्या आत की बाहेर, याचा निर्णय अझरबैजानच्या तोफिक बहरामोव या रेषापंचाच्या मानेच्या एका होकारावर लागला, आणि तो वाद प्रतिस्पर्धी जर्मनांच्या मनातून अद्याप गेलेला नाही. १९८६ साली मेक्सिको शहरात मॅराडोनाने हाताने केलेला गोल लाखावर प्रेक्षकांसमोर ट्युनिशियाच्या अली बेन्नासर यांनी मान्य केला. घरोघरी दूरचित्रवाणीवर पाहणाऱ्यांना जे दिसले ते एकट्या पंचाला दिसण्याची सोय नव्हती. न्यायाच्या दृष्टीने ही अवस्था मोठी विपरीत होती, कारण तीत सर्वांत कमी पुरावा ज्याच्याजवळ त्याच्याकडे सर्वाधिक अधिकार होता. पुढे २०१० साली ब्लूमफाँटेन येथे लॅम्पार्डचा चेंडू रेषेच्या चांगला आत पडूनही गोल नाकारला गेला, तेव्हा कोठे नियमकर्त्यांचे मन द्रवले. २०१२ च्या जुलैत गोलरेषेच्या यंत्राला मान्यता मिळाली, २०१६ साली चित्रफितीच्या प्रयोगाला परवानगी मिळाली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात नेदरलँड्समधील आयाक्स आणि विलेम दुसरा या संघांच्या सामन्यात, पडद्यासमोर बसलेल्या पंचाच्या सूचनेवरून, एका खेळाडूला दाखवलेले पिवळे कार्ड बदलून लाल करण्यात आले. क्रिकेटने ही गोष्ट याच्या कितीतरी आधी स्वीकारली होती: १९९२ च्या नोव्हेंबरात डर्बन येथे चित्रफितीच्या साक्षीने धावबाद ठरलेला जगातील पहिला फलंदाज हा आपला सचिन तेंडुलकर. मराठी घराघरांत हा ‘तिसरा पंच’ तेव्हापासून परिचयाचा आहे, आणि म्हणूनच हवेत बोटांनी चौकट काढली म्हणजे काय हे आमच्याकडील गुराख्याच्या पोरालाही सांगावे लागत नाही.

फुटबॉलच्या नियमकर्त्यांनी आरंभी जी मर्यादा घातली ती मात्र विचारपूर्वक घातली. चित्रफीत केवळ चार बाबतींत पाहावयाची: गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड, आणि एकाच्या ऐवजी दुसऱ्याला झालेली शिक्षा, आणि तीही मैदानावरील पंचाची चूक स्पष्ट व उघड असेल तरच. निर्णय अखेर मैदानावरील पंचाचाच. पडद्यामागचा पंच साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. हा भेद जेथे पाळला गेला तेथे ही पद्धत रुजली. जेथे साक्षीदारानेच इंचाइंचाच्या रेषा आखून निवाडा सांगण्यास आरंभ केला तेथे प्रेक्षक कंटाळले, आणि गोल झाल्यावर आनंद करावा की थांबावे या संभ्रमात पडले.

आता पुन्हा आखाड्याकडे वळू. माती सोडून गादीवर येणे हे महाराष्ट्राच्या कुस्तीतील गेल्या शतकाचे सर्वांत मोठे स्थित्यंतर होय. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले तेव्हा मातीत वाढलेल्या त्या मल्लाला गादी आणि आंतरराष्ट्रीय नियम दोन्ही नवखे होते, तरी त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक आणले. त्या स्पर्धेत एक दीर्घ झुंज संपताच, विश्रांतीचा हक्काचा अर्धा तास न मिळता, त्यांना सोव्हिएत मल्लाशी लढावे लागले आणि त्यांच्या बाजूने नियम दाखवून देणारा भारतीय अधिकारी तेथे हजर नव्हता, असे सांगतात. चित्रफितीने हा अन्याय दूर झाला नसता. तो नियम जाणणारा मनुष्य जवळ नसल्यामुळे झाला. यंत्राच्या चर्चेत ही गोष्ट वारंवार विसरली जाते, म्हणून मुद्दाम नमूद करतो.

गादीवर पाठीला माती लागत नाही. तेथे तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या. प्रतिस्पर्ध्याला खाली आणून ताबा घेतला तर दोन गुण, उचलून पाठीवर टाकले तर चार, वर्तुळाबाहेर ढकलले तर एक. आणि गुणांचे अंतर दहावर गेले की कुस्ती तेथेच संपली. चितपट आजही सर्वोच्च आहे, पण बहुतेक कुस्त्या गुणांवर मिटतात. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग ठेवून त्यांच्या विजेत्यांत अखेरची कुस्ती लावण्याची वहिवाट आहे, आणि मराठवाड्यातील पोरांनीही गादीशी जुळवून घेतले आहे; बीड जिल्ह्यातील पाटोद्याच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्टला राष्ट्रकुलाचे सुवर्ण आणि पुढच्या वर्षी जागतिक स्पर्धेचे कांस्य मिळवले ते गादीवरच. तथापि या बदलात प्रेक्षकाचे एक फार मोठे नुकसान झाले, ते असे की, निकालाचा पुरावा त्याच्या नजरेसमोरून नाहीसा झाला. टांग मारताना प्रतिस्पर्ध्याची पाठ गादीकडे किती अंशांनी वळली, दोन गुण की चार, हे दूर बसलेल्या शेतकऱ्याला दिसत नाही. तो फलकावरचा आकडा पाहतो आणि त्यावर विश्वास ठेवावा की नाही याचा विचार करतो. मातीने जी साक्ष दिली होती ती गादीने हिरावून घेतली. ती परत मिळवून देणे हेच कुस्तीतील चित्रफितीचे खरे प्रयोजन आहे, असे माझे मत आहे.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत ही सोय ज्या रीतीने केली आहे ती पाहण्यासारखी आहे. गादीवर एक पंच, बाजूला दुसरा, आणि मेजापाशी मॅट चेअरमन, असे तिघे; दोघांचे एकमत झाले की गुण ग्राह्य. चितपटाचा प्रसंग आला म्हणजे आतला पंच गादीवर पालथा पडून, गाल टेकवून, खांदा आणि गादी यांच्यामधली फट डोळ्याने मोजतो, आणि ती मिटली की तळहात गादीवर आपटतो. गुणाच्या निर्णयावर हरकत असली तर मल्लाचा वस्ताद, गुण फलकावर चढल्यापासून पाच सेकंदांच्या आत, हातातला फोमचा मऊ ठोकळा आखाड्यात टाकतो. मल्लाला वस्तादाचे म्हणणे पटले नाही तर तो स्वतः तो ठोकळा परत करून लढत पुढे चालू ठेवू शकतो. त्याने हरकत कायम ठेवली तर चित्रफीत पाहिली जाते. हरकत खरी ठरली तर निर्णय बदलतो आणि पुन्हा हरकत घेण्याचा हक्क शाबूत राहतो. खोटी ठरली तर तो हक्क जातो आणि प्रतिस्पर्ध्याला एक गुण मिळतो. निकालानंतर उलट हरकत नाही. हे वाचताना मला जुन्या निवाड्यांची आठवण होते. साक्ष कोणती, ती केव्हा मागायची, कोणी मागायची, आणि खोटी मागणी करणाऱ्याने काय भरायचे, हे सगळे कुस्ती धरण्यापूर्वी दोन्ही बाजूंना विदित आणि मान्य असते. राजीनामा तोच, गुन्हेगारी तीच. भोवतालचा जमाना तेवढा बदलला.

याच्या उलट, साक्ष आहे पण संमती नाही, अशा स्थितीत काय होते याची दोन ठळक उदाहरणे महाराष्ट्राने अलीकडेच पाहिली. २०२३ च्या जानेवारीत पुण्याच्या महाराष्ट्र केसरीत सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांच्या माती विभागाच्या लढतीत बाहेरच्या टांगेला दिलेले चार गुण योग्य की अयोग्य, यावर राज्यभर रान उठले. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर तो डाव संथ गतीने फिरू लागला. प्रत्येक पारावर एक न्यायसभा भरली. आणि निर्णय देणाऱ्या पंचाला धमक्यांचे दूरध्वनी येण्यापर्यंत मजल गेली. दोन वर्षांनी, २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे, पृथ्वीराज मोहोळने आपल्याला चितपट केल्याचा निर्णय शिवराज राक्षेला मान्य झाला नाही; पाठ टेकलीच नव्हती, चित्रफीत पाहा, असा आग्रह त्याने धरला, आणि वाद विकोपाला जाऊन त्याने पंचाला लाथ मारली. त्याच संध्याकाळी अखेरच्या लढतीत गायकवाडनेही निर्णयाविरुद्ध आखाडा सोडला, मोहोळ विजयी झाला, आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन तीन वर्षांची बंदी आली. पंचावर पाय उगारणे हे आखाड्याच्या धर्मात अक्षम्य आहे, आणि त्याची कोणत्याही कारणाने भलामण होऊ शकत नाही. परंतु त्या पंचाची अवस्थाही पाहिली पाहिजे: भोवतालच्या हजारो लोकांच्या हातांत यंत्र, आणि निर्णय मात्र एकट्याच्या डोळ्यावर. मेक्सिकोत बेन्नासर यांच्यावर जो प्रसंग आला तोच हा, फरक एवढाच की आता चित्रफीत पाहणारा मनुष्य घरी नसून पंचाच्या पाठीमागे उभा आहे. त्याच २०२३ सालच्या मार्चमध्ये बेंगळुरूला इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत, पंचाने ग्राह्य धरलेल्या एका फ्री किकवरून, केरळचा संपूर्ण संघ मैदान सोडून निघून गेला होता, हेही येथे स्मरणीय आहे. त्या स्पर्धेतही चित्रफितीची व्यवस्था नव्हती.

युरोपातील श्रीमंत स्पर्धांसारखी व्यवस्था, म्हणजे स्वतंत्र खोली, अनेक कॅमेरे, प्रशिक्षित माणसांची तुकडी, ही जालन्यासारख्या जिल्ह्याच्या आवाक्यातली नाही, असे म्हणून हा विषय बाजूला सारण्याची आपल्याकडे प्रवृत्ती आहे. मला ती चुकीची वाटते, आणि तिला उत्तर खुद्द फुटबॉलनेच दिले आहे. २०२४ साली कोलंबियात झालेल्या वीस वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकात एक साधी पद्धत वापरण्यात आली: पडद्यामागचा वेगळा पंच नाही, प्रत्येक संघाच्या प्रशिक्षकाला सामन्यात दोनदा कार्ड देऊन हरकत घेता येते, मैदानावरील पंच स्वतः कडेला जाऊन उपलब्ध चित्रफीत पाहतो आणि निर्णय देतो, हरकत खरी ठरली तर ती संधी शिल्लक राहते. म्हणजे जगातील सर्वांत धनाढ्य खेळ लहान स्पर्धांसाठी कुस्तीच्या ठोकळ्याशीच येऊन पोहोचला. आदल्या वर्षी ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील महिलांच्या विश्वचषकात पंचांनी चित्रफीत पाहून घेतलेला निर्णय ध्वनिक्षेपकावरून प्रेक्षकांना मोठ्याने सांगण्याची प्रथाही पाळली होती. आमच्या दंगलीत तर ध्वनिक्षेपक आणि निवेदक दोन्ही पूर्वीपासून आहेत. पाठ फिरवून माती दाखवणारा जुना पंच जे करी ते आज निवेदकाच्या तोंडून, कारणासहित, करता येईल.

तेव्हा अंबड-घनसावंगीकडील दंगलीच्या पंच कमिटीने येत्या सुगीनंतर एवढे करून पाहावे. आखाड्याच्या समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत, प्रेक्षकांचे धक्के लागणार नाहीत अशा उंचीवर, तिकाटण्यावर दोन मोबाइल उभे करावेत आणि ते कमिटीच्याच ताब्यात असावेत. मानाच्या कुस्तीआधी दोन्ही वस्तादांकडून एका कागदावर सह्या घ्याव्यात की, हरकत एकदाच, ती हलगी पुन्हा वाजण्याच्या आत, हरकतीच्या वेळी याच दोन चित्रफिती पाहिल्या जातील, प्रेक्षकांतील कोणाचीही चित्रफीत ग्राह्य धरली जाणार नाही, आणि हरकत खोटी ठरल्यास इनामाच्या रकमेतून ठरावीक भाग कापला जाईल. चित्रफितीतही निर्णय होईना तर निकाली न झालेल्या कुस्तीप्रमाणे ती बरोबरीत सोडवावी, थकलेल्या मल्लांना पुन्हा धरायला लावू नये. आणि तो सह्यांचा कागद कुस्तीला हात लागण्यापूर्वी निवेदकाने सर्वांना मोठ्याने वाचून दाखवावा.